चौथ्या क्रमांकाचा आराखडा : मँचेस्टर टाउन हॉलचे प्रकरण

मँचेस्टरच्या नगरसभेने आपल्या नव्या टाउन हॉलसाठी १८६७ मध्ये स्पर्धा जाहीर केली, तेव्हा १३७ आराखडे दाखल झाले. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या मोजक्या आराखड्यांचे परीक्षण प्राध्यापक टी. एल. डोनाल्डसन आणि जॉर्ज एडमंड स्ट्रीट या दोन नामांकित वास्तुविशारदांनी केले. इमारत बाहेरून कशी दिसते एवढाच निकष त्यांनी लावला असता, तर अल्फ्रेड वॉटरहाउस यांचा आराखडा चौथ्या क्रमांकावर राहिला असता. पण खोल्यांची मांडणी, उजेड, हवा, ये-जा करण्याची सोय आणि खर्च या मुद्द्यांवर तोच आराखडा सर्वांत सरस ठरला आणि १ एप्रिल १८६८ रोजी वॉटरहाउस यांची नेमणूक झाली. दर्शनी भागापेक्षा अंतर्गत नकाशाला अधिक मान देणारा हा निर्णय त्या काळात सहज होणारा नव्हता. त्या निर्णयातून कशी इमारत उभी राहिली, ती दीडशे वर्षे कशी वापरली गेली आणि आज तिच्या दुरुस्तीत कोणत्या अडचणी येत आहेत, याचा विचार या लेखात केला आहे.

शहराला इमारत का हवी होती

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँचेस्टर हे कापसाच्या व्यापाराने झपाट्याने वाढलेले, पण कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ एखाद्या मोठ्या खेड्याच्या दर्जाचे गाव होते. स्वतःची नगरपालिका त्याला १८३८ मध्ये मिळाली. जुन्या जहागिरीचे हक्क त्यानंतरही मोझ्ली घराण्याकडेच होते, ते शहराने १८४६ मध्ये दोन लाख पौंड मोजून विकत घेतले. १८५३ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. आपल्याच गावावरचा हक्क पैसे देऊन सोडवून घ्यावा लागलेल्या या समाजाला आपल्या कारभाराचे एक ठळक, सर्वांना दिसेल असे स्थान हवे होते, आणि पुढे या वास्तूवर झालेल्या खर्चाचा अर्थ लावताना हा इतिहास नजरेआड करून चालत नाही.

किंग स्ट्रीटवरचा आधीचा टाउन हॉल फ्रान्सिस गुडविन यांनी १८२२ ते १८२५ या काळात ग्रीक धाटणीत बांधला होता. तो देखणा होता, परंतु पाणीपुरवठा, आरोग्य, रस्ते, पोलीस अशी एकेक जबाबदारी अंगावर घेत गेलेल्या नगरपालिकेला तो चाळीस वर्षांतच अपुरा पडू लागला. पुढे १९१२ मध्ये तो पाडला गेला, तेव्हा त्याच्या दर्शनी भागाचे खांब हीटन पार्कमध्ये नेऊन उभारण्यात आले आणि ते आजही तिथे आहेत.

नवी जागा ठरली अल्बर्ट स्क्वेअरच्या काठी. राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या निधनानंतर टॉमस वर्दिंग्टन यांनी आखलेले स्मारक इथे उभे राहिले होते आणि त्या स्मारकासाठीच हा चौक मोकळा करण्यात आला होता. चौकामुळे इमारतीला समोरून पाहण्यापुरते अंतर मिळणार होते. जमिनीचा तुकडा मात्र त्रिकोणी होता आणि चारही बाजूंनी रस्ते व गल्ल्यांनी वेढलेला होता, कारण त्रिकोणाचे एक टोक छाटल्यासारखे होते. सरळ रेषांच्या, चौरस सभागृहांच्या आणि प्रशस्त दालनांच्या कल्पना घेऊन येणाऱ्या कोणत्याही वास्तुविशारदाची परीक्षा पाहणारी ही जागा होती.

काळही साधा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाची आवक खुंटली, लँकेशरमधील गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्या तुटीचा काही भाग भरून काढण्यासाठी मँचेस्टरने हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला, मुंबई बंदरातून निघालेल्या गाठी लँकेशरमध्ये पोहोचू लागल्या आणि मुंबईत अचानक पैशाचा पूर आला. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये तो फुगा फुटला. त्याच तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याची उंची सुमारे २८० फूट आहे. मँचेस्टर टाउन हॉलच्या मनोऱ्याचीही उंची तेवढीच आहे. हा योगायोगच आहे, पण मुळात दोन्ही शहरे एकाच कापसाच्या धाग्याने बांधलेली असल्यामुळे मुंबईच्या वाचकाने तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विद्यापीठाच्या त्या इमारती आखणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे पुत्र जॉन ओल्ड्रिड स्कॉट मँचेस्टरच्या स्पर्धेत वॉटरहाउस यांचे प्रतिस्पर्धी होते, एवढी जवळीक त्या काळच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन धाटणीत बांधणाऱ्या, वास्तुविशारदांच्या वर्तुळात होती.

त्रिकोणाचे उत्तर

वॉटरहाउस यांचा जन्म १८३० चा, लिव्हरपूलचा. क्वेकर पंथाच्या घरात वाढलेल्या या वास्तुविशारदाचे शिक्षण मँचेस्टरमध्येच रिचर्ड लेन यांच्या हाताखाली झाले. येथील असाइझ कोर्ट्स आणि स्ट्रेंजवेज तुरुंग या दोन मोठ्या कामांमुळे त्यांचे नाव शहराला परिचित होते. न्यायालय आणि तुरुंग या दोन्ही इमारतींत वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांना एकमेकांच्या वाटेत न येता फिरवावे लागते. न्यायाधीश, वकील, आरोपी, साक्षीदार आणि प्रेक्षक यांच्या वाटा वेगळ्या ठेवण्याची सवय झालेल्या माणसाने टाउन हॉलचा प्रश्न सौंदर्याच्या आधी वाहतुकीच्या बाजूने पाहिला, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

त्यांचे उत्तर असे होते. कार्यालये त्रिकोणाच्या कडेकडेने, रस्त्याच्या बाजूला ठेवायची, म्हणजे प्रत्येक खोलीला बाहेरचा उजेड मिळेल. या खोल्यांच्या आतल्या अंगाने सलग दालनपथ फिरवायचा, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना कुणाच्या खोलीतून जावे लागणार नाही. त्रिकोणाच्या मध्यभागी मोठे सभागृह ठेवायचे आणि त्याच्या भोवती उघडे चौक सोडायचे, म्हणजे सभागृहालाही दोन्ही अंगांनी खिडक्या मिळतील आणि दालनपथावरही उजेड येईल. जुन्या मराठी वाड्यात चौकाचे जे काम असते, तेच इथे या चौकांचे आहे. समारंभाची दालने, महापौरांचा दिवाणखाना आणि सभागृहे त्यांनी पहिल्या मजल्यावर अल्बर्ट स्क्वेअरच्या बाजूला ओळीने मांडली आणि रोजच्या कारभारासाठी येणाऱ्या नागरिकांना तळमजल्यावरच आपले काम उरकता येईल अशी सोय केली. त्रिकोणाच्या कोपऱ्यांशी चक्राकार जिने आले. या जिन्यांसाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील ग्रॅनाइट वापरला असून त्या त्या देशाच्या नावानेच ते ओळखले जातात.

परीक्षकांनी या मांडणीला अग्रक्रम दिला तो हवेच्या प्रश्नामुळेही. मँचेस्टरची हवा तेव्हा गिरण्यांच्या आणि घराघरांतल्या कोळशाच्या धुराने इतकी काळवंडलेली होती की खिडकी उघडणे म्हणजे काजळी आत घेणे. वॉटरहाउस यांनी खिडक्यांखालच्या नक्षीदार झडपांतून बाहेरची हवा आत घेतली, गरम पाण्याच्या नळ्यांवरून ती फिरवली आणि भिंतींत व जिन्यांच्या पोकळीत दडवलेल्या मार्गांनी ती वरच्या मजल्यांपर्यंत नेली. दिव्यांसाठी लागणारा गॅस वाहून नेणाऱ्या नळ्या चक्राकार जिन्यांच्या कठड्यांखाली लपवल्या. मजले लोखंडी तुळया आणि काँक्रीट यांचे, आगीला दाद न देणारे केले. वरवर तेराव्या शतकातील मठासारखी वाटणारी ही इमारत प्रत्यक्षात आपल्या काळातील तांत्रिक सोयींनी भरलेली होती, आणि माझ्या मते तिचे खरे मोठेपण याच जुळणीत आहे.

दगड, विटा आणि काजळी

कोनशिला २६ ऑक्टोबर १८६८ रोजी महापौर रॉबर्ट नील यांच्या हस्ते बसवली गेली. बांधकामाला नऊ वर्षे लागली. आतल्या भिंतींसाठी सुमारे १ कोटी ४० लाख विटा लागल्या आणि बाहेरून त्यांवर यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डजवळच्या स्पिंकवेल खाणीचा टिकाऊ वालुकाश्म चढवला गेला.

बाहेरच्या भिंतींवर निरनिराळ्या रंगांचे दगड वापरून पट्टे काढण्याची त्या काळी गॉथिक वास्तुविशारदांना मोठी आवड होती. वॉटरहाउस यांनी इथे ती मोडीत काढली, कारण या शहरात कोणताही रंग काही वर्षांत काळाच होणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे बाहेरच्या रूपाची भिस्त त्यांनी छायाप्रकाशावर ठेवली. खोल खिडक्या, उंच उतरती छपरे, पुढे आलेले सज्जे आणि निमुळते कळस यांमुळे इमारतीची आकृती धुक्यातही ओळखू येते. रंगांची हौस त्यांनी आत भागवली. दालनपथांच्या कमानी आणि भिंती टेराकोटाने, म्हणजे भाजलेल्या मातीच्या तुकड्यांनी, मढवल्या, जमिनीवर संगमरवरी तुकड्यांचे मोझेक बसवले. मोठ्या सभागृहासमोरच्या जिन्याच्या चौथऱ्यावर मधमाश्यांची नक्षी आहे. शहराला १८४२ मध्ये मिळालेल्या मानचिन्हात पृथ्वीच्या गोलावर मधमाश्या आहेत, आणि त्या इथे कष्टाचे चिन्ह म्हणून जमिनीवर उतरल्या आहेत. त्यांच्या सोबतीला कापसाच्या धाग्यांची आणि फुलांची नक्षी आहे. टेराकोटा पुसून स्वच्छ करता येतो, हा व्यवहारी विचारही या निवडीत होता. पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये वॉटरहाउस यांनी टेराकोटा आत-बाहेर दोन्हीकडे वापरला, तेव्हा मँचेस्टरमध्ये अंतर्भागापुरते केलेले काम तिथे पूर्णत्वाला गेले असे म्हणता येईल.

प्रवेशद्वारातून आत शिरताच दोन बाजूंना दोन पुतळे दिसतात. एक अणुसिद्धान्ताचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांचा, शिल्पकार फ्रान्सिस शँट्री यांनी घडवलेला, तर दुसरा उष्णता आणि कार्य यांचे नाते मोजणारे जेम्स जूल यांचा, आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी घडवलेला. दोघेही मँचेस्टरशी जोडलेले. राजा किंवा सेनापती यांच्याऐवजी दोन वैज्ञानिकांना दारात बसवणारे नगरभवन मला दुसरे सुचत नाही.

उद्घाटन आणि एबल हेवुड

इमारत पूर्ण झाली तेव्हा महापौरपदी एबल हेवुड होते. तरुणपणी कर न भरलेले, म्हणजे सरकारी मुद्रांक नसलेले, स्वस्त वृत्तपत्र विकल्याबद्दल १८३२ मध्ये त्यांना तुरुंगवास भोगावा लागला होता. राणी व्हिक्टोरिया यांना उद्घाटनाचे निमंत्रण गेले, परंतु त्या आल्या नाहीत. हेवुड यांचा हा पूर्वेतिहास त्यामागे होता, असे मँचेस्टरमध्ये आजही सांगितले जाते. १३ सप्टेंबर १८७७ रोजी अखेर हेवुड यांनीच इमारतीचे उद्घाटन केले आणि त्याच आठवड्यात शहरातल्या निरनिराळ्या धंद्यांतील हजारो कामगारांची आपापली निशाणे आणि हत्यारे घेऊन मिरवणूक निघाली. शहराने शहरासाठी बांधलेली इमारत शहरानेच उघडली, आणि माझ्या मते राणीच्या आगमनापेक्षा ते अधिक उचित झाले. मनोऱ्यातील आठ टनांहून जड तास-घंटेला त्यांचेच नाव मिळाले: ग्रेट एबल. घड्याळाच्या तबकडीवर स्तोत्रसंहितेतील ओळ कोरलेली आहे: आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव.

भिंतींवरचा इतिहास

मोठे सभागृह १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद आहे. त्याच्या लाकडी छतावर मँचेस्टरचा ज्या देशांशी आणि शहरांशी व्यापार होता, त्यांची मानचिन्हे रंगवलेली आहेत. शहराचा अभिमान कशावर उभा होता, ते इथे मान वर केल्यावर कळते. भिंतींवर फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांनी १८७९ ते १८९३ या काळात काढलेली बारा चित्रे आहेत आणि या कामासाठी ते १८८१ मध्ये मँचेस्टरला राहायलाही आले होते. सुरुवातीची चित्रे त्यांनी मेण आणि राळ यांच्या मिश्रणात रंग कालवून थेट भिंतीवर रंगवली, कारण ओल आणि धूर यांना तोंड देऊ शकेल अशी ती पद्धत होती. शेवटची काही चित्रे मात्र कापडावर रंगवून मग भिंतीवर चिकटवली आहेत. हवेचा प्रश्न इथेही चुकला नाही.

विषयांची निवड पाहण्यासारखी आहे. रोमनांनी बांधलेल्या किल्ल्यापासून सुरुवात होते, मग फ्लेमिश विणकरांचे आगमन, वजने आणि मापे यांविषयीची दवंडी, ब्रिजवॉटर कालव्याचे उद्घाटन अशी व्यापार-उदिमाची चित्रे येतात. १६३९ मध्ये सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र पाहणारे विल्यम क्रॅबट्री हे कापडाचे व्यापारी होते. ब्राउन यांच्या चित्रात ते अंधाऱ्या खोलीत कागदावर पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेकडे थक्क होऊन पाहत आहेत, आणि सगळ्या मालिकेत मला तेच चित्र सर्वांत जिवंत वाटते. धावत्या धोट्याचा शोध लावणारे जॉन के यांना चिडलेल्या जमावापासून वाचवण्यासाठी लोकरी कापडात गुंडाळून बाहेर काढले जात आहे, असेही एक चित्र आहे. यंत्र आले की हातांचे काम जाते, ही भीती यंत्रांवर उभ्या राहिलेल्या शहराने आपल्या सभागृहात रंगवून घ्यावी, हे धाडसच म्हणायचे.

तरीही एक मोठी पोकळी राहिली आहे. या इमारतीपासून काही मिनिटांच्या अंतरावर, सेंट पीटर्स फील्ड या मैदानात १८१९ मध्ये मताधिकाराची मागणी करणाऱ्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घालण्यात आले आणि अनेक माणसे मारली गेली. पीटर्लू या नावाने ओळखली जाणारी ही घटना या बारा चित्रांत नाही. ती जिवंत स्मृतीत असताना ही इमारत बांधली गेली आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्या राजकारणाची मुळेही त्याच चळवळीत होती. म्हणून ही अनुपस्थिती मला खटकते. शहराच्या इतिहासाची चित्रमाला रंगवताना सहमतीने स्वीकारता येईल तेवढाच इतिहास घेतला गेला आणि वादाचा भाग बाहेर राहिला, असा याचा अर्थ मी लावतो.

वापर, धोका आणि बचाव

विसाव्या शतकात कारभार इतका वाढला की ही इमारतही पुरेना. व्हिन्सेंट हॅरिस यांनी शेजारी १९३४ ते १९३८ या काळात टाउन हॉलची जोडइमारत आणि त्याआधी सेंट्रल लायब्ररीची गोल इमारत बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र जुन्या इमारतीच्या अस्तित्वावरच प्रश्न उभा राहिला. १९४५ च्या शहर नियोजन आराखड्यात ती पाडून नवी, आधुनिक इमारत बांधण्याचा प्रस्ताव होता. व्हिक्टोरियन गॉथिकविषयी तेव्हा फारसे कुणाला प्रेम नव्हते आणि काजळीने काळी ठिक्कर झालेली ही वास्तू बघून ते निर्माण होण्याचीही शक्यता नव्हती. पैशाच्या टंचाईने तो बेत बारगळला, १९५२ मध्ये इमारतीला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि धुरावर निर्बंध आल्यानंतर तिचे दगड धुऊन काढण्यात आले, तेव्हा कुठे नव्या पिढीला तिचा मूळ रंग दिसला.

ती टिकली यात कायद्याइतकाच तिच्या नकाशाचाही वाटा आहे, असे मी मानतो. रस्त्याच्या बाजूच्या सलग, उजेडाच्या खोल्या आणि त्यांना जोडणारा दालनपथ ही मांडणी खात्यांची नावे आणि संख्या कितीही बदलली तरी चालत राहते. केवळ देखाव्यासाठी आखलेली इमारत शंभर वर्षांत बदललेल्या कारभाराला अशी सामावून घेऊ शकली नसती. संसदेच्या कामकाजाची दृश्ये चित्रित करायची असली की चित्रपटवाले इथे येत राहिले, तेही या दालनांच्या आणि दालनपथांच्या वेस्टमिन्स्टरशी असलेल्या साम्यामुळे. मे २०१७ मध्ये शहरात झालेल्या बॉम्बस्फोटानंतर दुसऱ्याच दिवशी हजारो लोक याच इमारतीसमोर अल्बर्ट स्क्वेअरमध्ये जमले.

आजची दुरुस्ती

जानेवारी २०१८ मध्ये इमारत दुरुस्तीसाठी बंद करण्यात आली. छप्पर गळत होते, दगड सैल झाले होते, विजेची, पाण्याची आणि उष्णतेची यंत्रणा जीर्ण झाली होती आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला इमारतीचा बराचसा भाग गाठताच येत नव्हता. तीस कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा अंदाज धरून काम सुरू झाले, २०२४ मध्ये ते संपणार होते. मुदत पुढे गेली आणि खर्च चाळीस कोटींच्याही पलीकडे पोहोचला.

या वाढीचे कारण साथीच्या काळातील अडथळे आणि महागाई यांत आहे, पण इमारतीच्या स्वभावातही आहे. इथे तार किंवा नळी न्यायची तर भिंत फोडता येत नाही, कारण प्रत्येक भिंतीवर टेराकोटा, मोझेक, रंगकाम किंवा लाकडी नक्षी आहे, आणि एखादा भाग उघडल्याशिवाय त्याच्या मागे काय दुखणे दडले आहे हेही कळत नाही. अशा वेळी वॉटरहाउस यांनी भिंतींच्या पोटात ठेवलेले हवेचे जुने मार्ग नव्या तारा आणि नळ्या नेण्यास उपयोगी पडतात. १८६८ मध्ये ज्या गुणामुळे हा आराखडा निवडला गेला, त्याच गुणाने दुरुस्ती करणाऱ्यांना वाट दिली.

चक्राकार जिन्यांचा प्रश्न त्या मानाने अवघड आहे. वाटा वेगळ्या ठेवण्यात वॉटरहाउस यांचा हातखंडा होता, पण त्यांनी गृहीत धरलेला नागरिक जिना चढू शकणारा होता. आज उद्वाहक बसवावे लागतात, पायऱ्यांच्या जागी उतार द्यावे लागतात आणि त्यासाठी संरक्षित वास्तूला कुठे ना कुठे हात लावावाच लागतो. काही जतनवाद्यांना असा प्रत्येक बदल नुकसान वाटतो. मला ते पटत नाही. या इमारतीची निवडच मुळी तिच्या रूपापेक्षा नागरिकाला तिच्यात सहज वावरता यावे या कारणासाठी झाली होती, आणि आज उद्वाहकासाठी एखादा मजला छेदला जातो तेव्हा परीक्षकांनी १८६८ मध्ये लावलेला निकषच पुन्हा लावला जातो.